बावीस वर्षांचा गॅप

१६ जून २०२५, सोमवार

अंगणवाडीचं सगळं मोबाईलवर गेल्यापासून हे रजिस्टर कोरं पडलं होतं. वर छापलंय, 'पूरक पोषण आहार वाटप'. आजपासून यात माझ्या डोक्यातलं वाटप होईल. शुद्ध लिहीन, कारण पंधरा वर्षं अहवाल लिहून हाताला तसं वळण लागलंय. तोंडाला नाही लागलं.

आज मासिक बैठक होती. आमच्या नव्या सुपरवायझर दीपमाला मॅडम, वय सव्वीस, फळ्यावर कमी वजनाच्या बालकांचे टक्के काढत होत्या. चाळीसपैकी सहा, म्हणजे म्हणे चोवीस टक्के. मी हात वर केला. म्हटलं, मॅडम, पंधरा होतात. तीस बायांसमोर त्या म्हणाल्या, "रागिणीताई, तुम्ही बारावी ना? आधी ग्रॅज्युएट व्हा, मग दुरुस्त्या काढा."

बाया हसल्या. मीही हसले. चोवीस टक्के तसेच वर गेले.

ऑटोत बसल्या बसल्या ठरवलं. बी.ए. करायचं. ग्रॅज्युएट झालं की सुपरवायझरच्या परीक्षेला बसता येतं. वय चाळीस आहे, म्हणजे अजून तीन वर्षांनी त्रेचाळीस होणारच आहे, बी.ए. करा की नका करू.

घरी नवऱ्याला सांगितलं. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, इथे 'किशोर' लिहिणार आणि एकेरीत लिहिणार. रजिस्टर माझं आहे. तर किशोरचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि दारावर पाटी आहे, 'किशोर गावंडे, बी.कॉम.' त्याचा घास हातातच राहिला.

"आता? या वयात? कायले?"

"शिकाले."

"काय ठेवलं हाये डिग्रीत? म्या केलं ना बी.कॉम. नटबोल्टच विकून राहिलो."

आमची आचल बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती टाळ्या पिटत होती. म्हणाली, "बाबा, तुमची डिग्री फ्रेम करून लावू ना, आईले हुरूप येईन."

"तुह्या आजीनं कुठी ठेवली कोण जाणे," किशोर म्हणाला आणि हात धुवायला उठला. ताटात भाजी तशीच होती. वांगी त्याला आवडतात, पण आज मीठ जास्त झालं असेल.

१९ जून, गुरुवार

घराजवळच्या कॉलेजात गेले. बी.ए.चे तास सकाळी सात ते दहा असतात, मग अंगणवाडी. प्रवेशाच्या खिडकीत ज्योत्स्ना मॅडम म्हणून क्लार्क आहेत. शेंगदाणे खात होत्या.

"बारावी कधी?"

"दोन हजार तीन."

चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मार्च की ऑक्टोबर?" जसं काही अडचण तेवढीच होती.

मार्च म्हटलं. मग त्यांनी कागद सांगितले. बारावीची मार्कशीट, टीसी आणि गॅप सर्टिफिकेट. मी म्हटलं, ते काय असतं? म्हणाल्या, मधल्या शैक्षणिक वर्षांत तुम्ही काय करत होता त्याचं शपथपत्र. वर्षं मोजायला लागल्या, बोटं संपली, कॅल्क्युलेटर घेतला. तीन-चारपासून चोवीस-पंचवीसपर्यंत. बावीस.

"माझ्या नोकरीत एवढा मोठा गॅप पहिल्यांदाच आला," म्हणाल्या. त्यात कौतुकही होतं.

मी विचारलं, शैक्षणिक वर्ष म्हणजे नेमकं कधीपासून कधीपर्यंत? अंगणवाडीचं एप्रिल ते मार्च असतं. बाबांचं शेतीचं अक्षय तृतीयेला लागतं. ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, "आपलं जून ते एप्रिल. कागदावर."

"मग मे महिना?"

"मे महिना कोणाचाच नसतो, ताई."

माझं लग्न १५ मे २००३ ला झालं. बारावीचं वर्ष संपलेलं, पुढचं लागलेलं नाही. म्हणजे माझं लग्न कुठल्याच शैक्षणिक वर्षात झालेलं नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीत झालं. ती सुट्टी अजून चालू आहे.

शेवटची तारीख १४ जुलै.

२० जून, शुक्रवार

बावीस वर्षांची कारणं लिहायला बसले. सहा-सात सोपं गेलं, आचल झाली. सात-आठ, आचल रांगत होती. आठ-नऊ, अकोल्याहून अमरावतीला आलो. दहा-अकरा, अंगणवाडी लागली. बारा-तेरा आठवेना. पूर्ण वर्ष. काहीतरी केलंच असेल, जिवंत होते. शेवटी लिहिलं, 'पाहुणे'. चौदा-पंधरालाही पाहुणे. वीस-एकवीसला सगळ्या देशालाच गॅप होता. एकवीस-बावीसला सासूबाई गेल्या.

तीन-चारला काय लिहू, कळेना. त्या वर्षी काहीच झालं नाही. फक्त पोळ्या केल्या.

किशोर मागे उभा राहून वाचत होता. "एवढं कायले पसरवते? 'घरगुती अडचण' लिही, संपलं."

"बावीस वर्ष अडचण? कोण होतं अडचण, तुमी?"

तो दुकानात गेला. आज दुकान बंद असतं.

२४ जून, मंगळवार

कोर्टाजवळ टिनाच्या शेडमध्ये मोरोपंत वकील बसतात. नोटरी. वय ऐंशीच्या आसपास, काळा कोट त्याहून मोठा. माझी कारणांची यादी त्यांनी शेवटपर्यंत वाचली. 'पाहुणे'जवळ थांबले, आणि म्हणाले, "हे मात्र अगदी खरं वाटतंय."

मग शैक्षणिक वर्षाबद्दल बोलले. "बाई, इंग्रजी वर्ष एक जानेवारीला लागतं, आपलं पाडव्याला, सरकारचं एक एप्रिलला. शैक्षणिक वर्ष विद्यापीठाला जाग येईल तेव्हा लागतं. आमच्या वेळी एकदा दोन वर्षं एकाच वेळी चालू होती. मी कोणत्या वर्षी पास झालो हे अजून नक्की नाही."

शपथपत्राला ओळख द्यायला माणूस लागतो. किशोरला बळेच आणलं होतं. मोरोपंतांनी मसुदा वाचून दाखवला. '...सदर कालावधीत मी अन्य कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही. हे खोटे आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.'

किशोर म्हणाला, "थे वाक्य पाहिजेच का?"

"तेच तर वाक्य आहे," मोरोपंत म्हणाले. "बाकी सगळी सजावट."

"नाही, म्हणजे... शिक्षा वगैरे कायले?"

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. मला तरी वाजलेला ऐकू आला नाही, पण कोर्टात फार गोंगाट असतो. कोणाचा तरी ट्रॅक्टर अडला होता म्हणे. गेला. सही राहिली. मोरोपंत त्याच्या पाठीकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "आधी टीसी आणा, बाई. मग शपथ घ्या. घाई करू नका." भले माणूस आहेत. दुसऱ्या कोणी लगेच शिक्का मारला असता.

किशोरचंही कौतुक वाटलं. मला शिक्षा होऊ नये म्हणून केवढी काळजी.

२७ जून, शुक्रवार

अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून मूर्तिजापूरला गेले. बारावी तिथेच केली. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांत आता बाभळी उगवल्यात. ऑफिसातल्या माणसाने जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, टीसी एकदाच भेटते. तुमची गेली."

३० जून २००३. नेणाऱ्याची सही, खुशालराव बोंडे. माझे वडील. सही अशी की कागदाच्या मागून वाचता येईल. सोडण्याचं कारण, 'पुढील शिक्षण'. आणि अकोल्याच्या एका कॉलेजचं नाव.

मी तीनदा वाचलं. त्या माणसाला म्हटलं, हे दुसऱ्या कोणाचं असेल. तो म्हणाला, रागिणी खुशालराव बोंडे दुसरी कोण आहे?

आमचं गाव तिथून दहा किलोमीटर. गेले नाही. फोन करता आला असता, तोही केला नाही. का, ते लिहायचं नव्हतं, पण रजिस्टरला पानं भरपूर आहेत. लग्न ठरलं तेव्हा मी आठ दिवस रडले होते, मला शिकायचंय म्हणून. बाबा म्हणाले होते, "पाहू." मग लग्न झालं, त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. दिवाळीला जाते, जेवते, निघते. बाबांनी शब्द पाळला नाही हे मी त्यांना कधी बोलले नाही. फक्त कधी विसरले नाही.

१ जुलै, मंगळवार

अकोला. कॉलेजातला म्हातारा क्लार्क म्हणाला, "जुनं रेकॉर्ड हाये, पण शोधा लागन." दीड तास शोधलं. त्याने माझ्यासमोर फाईल ठेवली आणि पंखा लावला.

बी.ए. भाग एक, शैक्षणिक वर्ष २००३-०४. अर्ज बाबांच्या अक्षरात. विषय मराठी, राज्यशास्त्र, इतिहास. मला न विचारता निवडलेले, पण मीही तेच निवडले असते. फोटो कुठल्यातरी लग्नातल्या फोटोतून कापलेला, माझ्या खांद्यावर कुठल्यातरी मावशीचा कान आलाय. 'विद्यार्थ्याची सही' इथे बाबांनीच 'रागिणी' लिहिलंय. इतकी वाईट सही मी आयुष्यात केलेली नाही. आणि खाली टाचणीने लावलेली माझी टीसी.

मग हजेरीचं रजिस्टर. रोल नंबर एकशे सतरा. जुलैभर 'गै'. ऑगस्टभर 'गै'. सप्टेंबरात चार दिवस 'गै' आणि मग लाल रेघ. नाव कमी केले.

मी तेव्हा तिथून वीस मिनिटांवर राहत होते. रोज सकाळी कोणीतरी माझा नंबर पुकारत होतं आणि मी कणीक मळत होते.

मोरोपंतांनी शिक्का मारला असता तर मी खोटं शपथपत्र केलं असतं. मी एक शैक्षणिक वर्ष कॉलेजात होते, फक्त मला कोणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन किशोरला फाईलची झेरॉक्स दाखवली. तो बराच वेळ मावशीच्या कानाकडे बघत बसला. मग म्हणाला, "आईनं नाही म्हटलं होतं. मले सांगतलं, सूनबाईले सांगू नको."

सासूबाई! अठरा वर्षं त्यांचे पाय चेपले मी. आज त्यांच्या फोटोला हार घातला नाही. फोटो भिंतीकडे फिरवणार होते, पण मागे पाल होती.

किशोर बिचारा संध्याकाळी न सांगता गिला वडा घेऊन आला. दही वेगळं बांधून. आईच्या चुकीची भरपाई लेक करतोय, असा नवरा सगळ्यांना मिळो.

५ जुलै, शनिवार

अकोल्याच्या क्लार्कने सांगितलं होतं, प्रवेश ज्यांनी घेतला त्यांचा एक अर्ज लागेल, मग मूळ टीसी परत देतो. म्हणून गावी गेले. नाहीतर गेले असते का, माहीत नाही.

भाऊ आणि वहिनी वावरात गेले होते. बाबा ओट्यावर तूर चाळत होते. पंच्याहत्तर पार केली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलीय. दिवाळी नसताना मला बघून म्हणाले, "कोण मेलं?"

"कोणी नाही. बाबा, तुमी मले अकोल्याच्या कॉलेजात टाकलं होतं?"

"टाकलं होतं."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

बाबांनी चाळणी खाली ठेवली. "लग्न झालेल्या पोरीले निरोप द्याचा त जवायाच्या हातीच द्या लागे तवा. किशोररावाले तुह्यं ओळखपत्र देल्लं. म्हटलं, सोमवारपासून धाडजा."

"हे म्हणते, सासूबाई नाही म्हटल्या होत्या."

"कोण, रुख्मिणीबाई? लग्नाच्या बैठकीत थेच त म्हणे, आमच्या घरात बाईमाणूस कोणी शिकलं नाही, थे शिकली त आमाले पायजेनच."

 बाबांनी तुरीतला एक खडा काढून ओट्याखाली टाकला. मग त्यांनी जे सांगितलं ते इथे आहे तसं लिहिते.

"पोळ्याच्या आधी मी गेलतो अकोल्याले. कॉलेज सुटेपावतर गेटावर उभा रायलो. समद्या पोट्ट्या निंगाल्या. तू नाही निंगाली. मंग जवायाच्या दुकानावर गेलतो. तवा थे दुसऱ्याच्या दुकानात होते. मले म्हणे, मामाजी, तिले नाही शिकाचं आता. मीनं लय सांगून पायलं, थेच नाही म्हणते."

"मंग तुमी काय म्हटलं?"

"बरं म्हटलं."

"बरं? फकस्त बरं?"

"मंग काय नाचू? आठ दिवस रडली शिकाचं म्हणून. म्या बापानं फारम भरला, सही शिकलो तुह्यी. अन् तू म्हणते नाही. मले राग आलता." चष्मा काढून पुसला, दोरा सुटला, पुन्हा बांधला. "अजून हाये."

"बाबा, म्या नाही म्हटलंच नव्हतं. मले कोणी इचारलंच नव्हतं."

बाबांनी चाळणी उचलली. चाळलेली तूर पुन्हा चाळायला लागले. पोतं अर्धं संपलं. मग म्हणाले, "चाय घेशीन?"

बावीस दिवाळ्या मी त्यांच्यावर रागावून जेवले आणि ते माझ्यावर रागावून वाढत होते. दोघांनाही वाटत होतं, आपण किती मोठ्या मनाचे.

येताना अर्जावर त्यांनी सही केली. या वेळी स्वतःचीच.

घरी पोचल्यावर आधी सासूबाईंच्या फोटोला दोन हार घातले. हात जोडून माफी मागितली. किशोर दुकानात होता, ते बरं झालं.

६ जुलै, रविवार

सकाळी चहाच्या वेळी म्हटलं, "काल बाबाले भेटली."

किशोरने कप ठेवला. मी काही विचारलं नाही. अंगणवाडीत चार वर्षांच्या पोराने कोणाला चावलं असलं की मी असंच करते. विचारायचं नाही, फक्त बसून राहायचं.

आचल भाजी निवडत बसली होती. तिला आत पाठवणार होते, पण किशोरच म्हणाला, "राहू दे तिले. एकदाच सांगतो."

त्याने बी.कॉम. पूर्ण केलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास झाला आणि सोडून दिलं. आमच्या बैठकीत त्याच्या मामाने 'मुलगा बी.कॉम. आहे' म्हणून सांगितलं आणि तो काही बोलला नाही. मग लग्नानंतर दीड-दोन महिन्यांत बाबांनी त्याच्या हातात माझं ओळखपत्र ठेवलं.

"तीन वर्षात तू ग्रॅज्युएट झाली असती," तो म्हणाला. "अन् म्या? एखाद्या दिवशी तूनं माही मार्कशीट मागतली असती. रोज वाटे, आज सांगतो, उद्या सांगतो. मंग मामाजी दुकानावर आले. तोंडातून निंगून गेलं, थेच नाही म्हणते."

"अन् ओळखपत्र?"

"मोर्णा नदीत टाकलं. पुलावरून."

आचल म्हणाली, "मग पाटीवर?"

"पेंटरनं लिहून देल्लं. म्या पुसाले लावलं नाही."

आचल फिस्सकन हसली आणि लगेच थांबली, कारण तिचा बाप हसत नव्हता. माझ्याकडे बघत होता. बावीस वर्षांत पाठ केलेलं सगळं बाबांच्या नावाने होतं. त्याच्या नावाचं एक वाक्यसुद्धा तयार नव्हतं.

मी म्हटलं, "आईवर ढकललं. मेलेल्या बाईवर. गिला वडा खाऊ घातला मले त्याचा."

तो रडला. मी चहा गरम केला, पण माझाच.

९ जुलै, बुधवार

तीन दिवस बोललो नाही. आचल मधे टपालासारखी फिरतेय. "आई, बाबा विचारतात मीठ कुठे आहे." मीठ बावीस वर्षं तिथेच आहे.

आज किशोर दुकान बंद ठेवून एकटाच एसटीने माझ्या माहेरी गेला होता. मला नंतर कळलं. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "मामाजीनं चाय नाही देल्ला."

मला बरं वाटलं. मग त्याला वाईट वाटलं असेल म्हणून थोडं वाईट वाटलं. मग पुन्हा बरं वाटलं.

१० जुलै, गुरुवार

अकोल्याहून टीसी काल आली. आज मोरोपंतांकडे नवं शपथपत्र. त्यांनी सगळं ऐकलं आणि लिहायला घेतलं, 'सन २००३-०४ मध्ये माझा प्रवेश झाला होता, परंतु अज्ञानवश...'

मी म्हटलं, "अज्ञान कायचं? माझ्यापासून लपवलं होतं. तसं लिहा."

"बाई, नवऱ्याविरुद्ध लिहायचं तर ते वेगळं शपथपत्र, वेगळं कोर्ट. त्याची शेवटची तारीख चौदा जुलै नाही. आज कॉलेजचं करायचं की ते?"

विचार केला. म्हटलं, कॉलेजचं.

शेवटी असं ठरलं. 'प्रवेशाची माहिती मला मिळाली नाही. त्यामुळे मी एकही दिवस उपस्थित राहू शकले नाही.' मोरोपंत म्हणाले, इतकं खरं वाक्य या शेडमध्ये फार दिवसांनी लिहिलं.

मग ओळख द्यायची सही. किशोर आला होता, बोलावलं नव्हतं तरी. मोरोपंतांनी वाचलं, 'शपथपत्र करणाऱ्यास मी व्यक्तिशः ओळखतो.' पेन त्याच्यापुढे धरलं आणि चष्म्यावरून विचारलं, "ओळखता ना?"

किशोर पेन हातात घेऊन थांबला. मागे रांगेतला माणूस 'चला लवकर' म्हणाला.

"वळखून राहिलो," किशोर म्हणाला आणि सही केली.

१४ जुलै, सोमवार

शेवटचा दिवस. सर्व्हर बंद. रांगेत माझ्या पुढे सतरा पोरी, मागे नऊ पोरं. एक मुलगी म्हणाली, "काकू, तुमची मुलगी कुठाय?" मी म्हटलं, घरी स्वयंपाक करून राहिली.

साडेचारला सर्व्हर आला. ज्योत्स्ना मॅडमनी कागद चाळले, शपथपत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं. शेंगदाणे बाजूला ठेवले. "म्हणजे तीन-चारला तुम्ही विद्यार्थिनी होता?"

"होती म्हणते रेकॉर्ड."

त्यांनी फॉर्मवर 'गॅप: २२ वर्षे' खोडलं आणि '२१' लिहिलं. "एक वर्ष वाचलं तुमचं," म्हणाल्या. शिक्का जोरात मारला. बाहेर आल्यावर मला रडू का आलं कळलं नाही. एका वर्षाचं काय एवढं.

किशोर गेटबाहेर गाडी लावून उभा होता. मी बसले. माफ केलं का? नाही. पण ऑटो मिळत नव्हता.

४ ऑगस्ट, सोमवार

विद्यापीठाला जाग आली. तास सुरू. पहिल्या बाकावर बसले, कारण मागून फळा दिसत नाही. राज्यशास्त्राचे सर माझ्याहून लहान आहेत आणि माझ्याकडे न बघता शिकवतात. घाबरत असावेत.

दीपमाला मॅडमना सांगितलं. "छान," म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "ताई, ते टक्के कसे काढले होते तुम्ही?" दाखवून दिलं.

संध्याकाळी पाचला बाबांचा फोन. बाबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत. कानाला कमी ऐकू येतं म्हणून गावाला ऐकू जाईल असं बोलतात.

"गेलती का आज?"

"गेलती, बाबा."

"काय शिकवलं?"

"राज्य म्हणजे काय ते. भूभाग, लोकसंख्या, सरकार अन् सार्वभौमत्व."

"याच्यात शिकवाचं काय हाये?" म्हणाले आणि फोन ठेवला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बाबा रविवार सोडून रोज पाचला फोन करतात. एकच प्रश्न. आज ताप होता, गेले नव्हते, पण 'गेलती' म्हटलं. काय शिकवलं विचारलं, तर कालचंच सांगितलं. "हे त काल झालतं," म्हणाले. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, सकाळी काय जेवला आठवत नाही आणि राज्यशास्त्राचा पाठ लक्षात. खरं सांगावं लागलं. मग पाच मिनिटं तापावर औषधं सांगितली.

किशोर पाटी काढायचं म्हणत होता. मी म्हटलं, राहू द्या, भिंतीला भोकं दिसतील. त्याला ते लागलं असावं. लागू दे. रात्रीचं जेवण एकत्र होतं, बोलणं गरजेपुरतं. माझ्या नोट्स मात्र त्याने स्वतःहून स्टेपल करून ठेवल्या.

२४ ऑगस्ट, रविवार

काल अंगणवाडीत पोरांचा तान्हा पोळा झाला, त्याची दमणूक उतरवत आज दुपारभर लोळले. पाचला फोन.

"गेलती का आज?"

"नाही, बाबा."

 मी हॅलो, हॅलो म्हटलं. मग बाबांचा आवाज आला, पहिल्यांदाच हळू. "कावून?"

"आज रविवार हाये, बाबा. सुट्टी असते."

"रविवार व्हय?" म्हणाले. पोळ्याच्या गडबडीत वार चुकला होता. "बरं, बरं. मले वाटलं, या वक्तीबी कोणी..."

आणि फोन ठेवला.